एंड्युरन्स रोड बाइक आणि टूरिंग सायकल : दोन्ही लांब पल्ल्याच्या, मग फरक कोठे आहे?

कात्रजकर

नमस्कार मंडळी. मी पुण्यातून नियमितपणे बीआरएम, म्हणजे ठरलेल्या मुदतीत पूर्ण करायच्या लांब पल्ल्याच्या सायकल राइड, करतो. २०० आणि ३०० किलोमीटरच्या राइड झाल्या आहेत, पुढच्या मोसमात ४०० करण्याचा विचार आहे. माझी सायकल एंड्युरन्स प्रकारातील रोड बाइक आहे. तिची फ्रेम अ‍ॅल्युमिनियमची आणि फोर्क (पुढचे चाक धरणारा चिमटा) कार्बनचा असून पुढे ५०-३४ दात्यांचा क्रँक (पेडलजवळच्या दोन चकत्या), मागे ११-३२ ची कॅसेट (मागच्या चाकावरच्या दातेरी चकत्यांचा संच), २८ मिलिमीटरचे टायर, मागच्या चाकाला २४ स्पोक आणि डिस्क ब्रेक अशी तिची रचना आहे.

या हिवाळ्यात एका मित्राबरोबर रेवसपासून वेंगुर्ल्यापर्यंत किनाऱ्याकिनाऱ्याने, रमतगमत जाण्याचा बेत आहे. तंबू, झोपायच्या पिशव्या, स्टोव्ह, कपडे आणि हत्यारे मिळून माणशी १६ ते १८ किलो सामान होईल असा अंदाज आहे. एका दुकानदाराने सांगितले की यासाठी टूरिंग सायकलच घ्यावी लागेल. दुसऱ्याचे म्हणणे असे की दोन्ही सायकली लांब पल्ल्याच्याच आहेत, कॅरिअर लावा आणि निघा. दोन्हींच्या माहितीपत्रकात ‘दिवसभर आरामात चालवा’ अशाच अर्थाचे काहीतरी लिहिलेले असते, त्यामुळे माझा गोंधळ वाढला आहे. दिवसाला ३०० किलोमीटर सुखाने नेणारी सायकल दिवसाला ६० किलोमीटर का नेऊ शकणार नाही, हे मला कोणी नीट समजावून सांगेल का?

पाना-पक्कड

कात्रजकर, ६० किलोमीटर ती नेईलच. अडचण १८ किलोंची आहे, किलोमीटरची नाही.

एंड्युरन्स बाइकची आखणी करणाऱ्यासमोर एकच प्रश्न असतो : बारा-पंधरा तास सीटवर बसलेल्या माणसाची मान, कंबर आणि तळहात कसे टिकवायचे? म्हणून शर्यतीच्या सायकलीच्या मानाने तिचे हँडल थोडे उंच आणि थोडे जवळ असते, टायरना जागा अधिक असते आणि रस्त्याचे हादरे फ्रेममध्येच जिरवण्याचे काही ना काही उपाय केलेले असतात. स्पेशलाइज्डची ‘रूबे’ २००४ साली आली. तिचे नावच पॅरिस-रूबे या फरसबंद रस्त्यांवरून जाणाऱ्या शर्यतीवरून घेतलेले आहे. ट्रेकची ‘डोमाने’ २०१२ ची; तिच्यात सीटची नळी आडव्या दांड्याला पक्की जोडलेली नसून तेथे सांधा ठेवला आहे, त्यामुळे ती नळी किंचित लवते आणि खड्ड्याचा दणका थेट पाठीत येत नाही. या दोन्ही सायकली शर्यतीच्या घराण्यातल्याच आहेत, फक्त स्वभावाने जरा मवाळ. त्यांच्यावर माणूस आणि पाण्याच्या दोन बाटल्या सोडून आणखी जड ओझे असेल, हे गृहीतच धरलेले नाही.

टूरिंग सायकल आखताना आधी सामान येते. त्याच ट्रेक कंपनीची ‘५२०’ नावाची पोलादी टूरिंग सायकल १९८३ ची, आणि सर्लीची ‘लाँग हॉल ट्रकर’ २००४ ची, म्हणजे रूबेच्याच वयाची. या सायकलींची चेनस्टे, म्हणजे पेडलच्या आसापासून मागच्या चाकाच्या आसापर्यंतची खालची नळी, मोजून पाहा. एंड्युरन्स बाइकमध्ये ती साधारण ४१० ते ४२५ मिलिमीटर असते. ५२० मध्ये ४५० आणि ट्रकरमध्ये ४६०. हे तीन-चार सेंटिमीटर टाचेसाठी आहेत. मागच्या कॅरिअरला दोन्ही बाजूंनी पॅनिअर, म्हणजे लटकत्या पिशव्या, अडकवल्यावर पेडल मागे येताना बुटाची टाच पिशवीच्या पुढच्या कोपऱ्यावर आपटते, आणि ती प्रत्येक फेऱ्याला आपटते. घरच्या घरी खात्री करून घ्यायची असेल तर कॅरिअरच्या बाजूला पॅनिअरच्या मापाचा पुठ्ठ्याचा खोका बांधा, राइडचे बूट घालून सायकलवर बसा आणि कोणाला तरी सायकल धरायला सांगून पेडल उलटे फिरवा. पाय मोठे असतील, म्हणजे बुटाचे माप ९ च्या पुढे असेल, तर आखूड चेनस्टेच्या सायकलीवर हा खोका बहुधा फाटतो.

यावर सगळे जण एकच तोडगा काढतात : पॅनिअर मागे सरकवायची. टाच सुटते, पण आता ओझे मागच्या आसाच्याही मागे लोंबते आणि पुढचे चाक हलके पडते. चढावर, विशेषतः वेग कमी झाला की, हँडल इकडेतिकडे भरकटू लागते. उतारावर वेग वाढला की सगळी फ्रेम पिळवटल्यासारखी थरथरते आणि तो थरथराट हँडलमध्ये येतो. टूरिंग सायकलीची लांब चाकपट्टी (दोन्ही चाकांच्या आसांमधले अंतर) आणि जाड भिंतीच्या पोलादी नळ्या या कारणाने आहेत. रिकामी असताना ती सायकल अगदी निर्जीव वाटते, दुकानासमोर दोन चकरा मारून पाहणाऱ्याला ती कधीच आवडत नाही. तिच्यावर पंधरा-वीस किलो चढवले की ती ताळ्यावर येते.

आता चाकांविषयी. ही बाब लोक शेवटी विचारतात, पण प्रवास खरा अडतो तो येथेच. आपल्या मागच्या चाकाला २४ स्पोक आहेत. मागच्या चाकावर आधीच वजनाचा मोठा वाटा असतो, आणि कॅसेटला जागा देण्यासाठी रिम त्या बाजूला सरकवलेली असल्याने कॅसेटच्या बाजूचे स्पोक जास्त ताणलेले आणि जास्त उभे असतात. स्पोक तुटला तर बहुतेक वेळा मागचाच तुटतो, आणि पुष्कळदा कॅसेटच्या बाजूचा. तो बदलायचा तर कॅसेट उतरवावी लागते, त्यासाठी लॉकरिंगचे (कॅसेट आवळून धरणाऱ्या कड्याचे) हत्यार आणि चेनचा पाना लागतो, आणि तालुक्याच्या गावातल्या सायकलवाल्याकडे तो असेलच असे नाही. ३६ स्पोकच्या चाकातला एक गेला तर रिम थोडी डुगडुगते, ब्रेक जरा सैल करून पुढचे गाव गाठता येते. २४ मधला एक गेला तर रिम इतकी वाकडी होते की टायर फ्रेमला घासू लागतो. ट्रकरच्या चेनस्टेवर जादा स्पोक अडकवून ठेवण्यासाठी जागाच केलेली आहे, यावरून त्या सायकलीच्या मालकाकडून काय अपेक्षा आहे ते लक्षात यावे.

शेवटी, आपल्या फ्रेमला मागे कॅरिअरचे स्क्रू बसण्याची भोके आहेत का ते पाहा. काही एंड्युरन्स बाइकना मडगार्डपुरती भोके असतात, ती कॅरिअरच्या भारासाठी असतीलच असे नाही. सायकलीबरोबर आलेल्या पुस्तिकेत माणूस आणि सामान मिळून किती वजन चालेल हे दिलेले असते. तो आकडा आधी वाचा. आणि कार्बनच्या फोर्कला, किंवा कोणत्याही कार्बनच्या नळीला, क्लॅम्प आवळून कॅरिअर लावण्याच्या फंदात कृपा करून पडू नका.

सडा आणि खाडी

पाना-पक्कड यांनी फ्रेमचे आणि चाकांचे सांगितले आहे, मी रस्त्याचे सांगतो, कारण माझे घर त्याच वाटेवर आहे.

किनाऱ्याचा रस्ता म्हटले की पुण्या-मुंबईच्या मंडळींना सपाट रस्ता वाटतो. प्रत्यक्षात येथे खाडी उतरायची, फेरीबोटीतून पलीकडे जायचे आणि लगेच सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, चढायचे, असा क्रम दिवसभर चालतो. आगरदांडा-दिघी, बागमांडला-वेसवी, दाभोळ-धोपावे, तवसाळ-जयगड या प्रत्येक बोटीनंतर चढ ठरलेला आहे. हे चढ ताम्हिणीसारखे लांब नसतात. एक-दोन किलोमीटरचेच असतात, पण उभे असतात, आणि धक्क्यावर उतरल्यावर पाय गरम व्हायच्या आत सुरू होतात.

अशा चढावर गिअरचे गणित करून पाहावे. रोड बाइकच्या ७०० मापाच्या चाकाचा घेर सुमारे २.१ मीटर धरला, तर ३४ दात्यांच्या चकतीवरून मागच्या ३२ वर पेडलच्या एका फेऱ्यात सायकल सुमारे २.२ मीटर पुढे जाते. ओझ्यासह उभ्या चढावर ताशी ६ किलोमीटरचा वेग चांगलाच म्हणायचा. त्या वेगाला मिनिटाला १०० मीटर होतात, म्हणजे पेडलचे जेमतेम ४५ फेरे. टूरिंग सायकलला पुढे ४८-३६-२६ अशा तीन चकत्या आणि मागे ३४ पर्यंतची कॅसेट असते. २६ वरून ३४ वर एका फेऱ्यात १.६ मीटर अंतर पडते आणि त्याच वेगाला ६० च्या वर फेरे बसतात. ४५ फेऱ्यांत प्रत्येक फेरा गुडघ्याने ढकलावा लागतो. एका चढाला ते चालून जाते. दिवसातून सहा वेळा आणि पुढे रोज ते केले की गुडघे तक्रार करू लागतात. शिवाय माणूस आणि सायकल मिळून ८० किलो होत असतील आणि जड सायकल व सामान धरून ते १०४ झाले, तर तेवढ्याच वेगाने चढायला सुमारे ३० टक्के जास्त जोर लागतो. बीआरएममध्ये ज्या गिअरने आपण खंबाटकी आरामात चढता, तो गिअर येथे पुरेल असे समजू नये.

उताराचेही तेच आहे. सड्यावरून खाडीकडे उतरणारा रस्ता अरुंद, वळणावळणाचा आणि बऱ्याच ठिकाणी उखडलेला असतो, वळणापलीकडे गाय बसलेली असते, त्यामुळे सायकल सोडून देता येत नाही. सतत ब्रेक धरून उतरावे लागते. आपल्याकडे डिस्क ब्रेक आहेत हे उत्तम आहे, पण निघण्यापूर्वी पॅड नवे घाला आणि एक जोडी बरोबर ठेवा.

कात्रजकर

दोघांचेही मनापासून आभार. चेनस्टे मोजली, ४१५ मिलिमीटर भरली. माझ्या बुटाचे माप १० आहे, त्यामुळे खोका न फाडताच उत्तर मिळाले असे धरतो. कॅरिअरसाठी भोके नाहीत, फक्त मडगार्डसाठी आहेत.

दोन उपप्रश्न आहेत. कॅसेट बदलून गिअरचा प्रश्न सुटेल का? आणि मित्राकडे स्वतःची चांगली सायकल नाही, त्याच्या काकांची जुनी, पोलादी, पुढे शॉकअप नसलेली २६ इंची एमटीबी पडून आहे. ती दुरुस्त करून चालेल, की त्यालाही काही वेगळे पाहावे लागेल?

रातराणी ६००

मी जरा विरुद्ध बाजूने बोलतो. येथे सायकल बदलण्याची चर्चा चालली आहे, सामान बदलण्याची कोणी करत नाही.

कोकण किनाऱ्यावर तंबू आणि स्टोव्ह कशासाठी हवा आहे? दिवेआगर, हरिहरेश्वर, मुरुड, गुहागर, गणपतीपुळे, देवगड, मालवण, कोठेही जा, घरगुती राहण्याची आणि जेवणाची सोय आहे. लडाखला किंवा स्पितीला निघाला असतात तर गोष्ट वेगळी. तंबू, झोपायची पिशवी, मॅट, स्टोव्ह, भांडी एवढे काढून टाकले की उरते काय? दोन जोड कपडे, एक चादर, पावसाळी जाकीट, हत्यारे, ट्यूब आणि चार्जर. सहा-सात किलोंच्या वर जाणार नाही. ते सीटमागच्या मोठ्या पिशवीत, फ्रेमच्या त्रिकोणातल्या पिशवीत आणि हँडलवरच्या लहान पिशवीत मावते. यातली एकही पिशवी कॅरिअर मागत नाही आणि टाचेच्या वाटेत येत नाही. अशाच पद्धतीने लोक रोड बाइकवरून खंडेच्या खंडे ओलांडतात.

दुसरी गोष्ट, सायकलीचे हे दोन वर्ग इतके कप्पेबंद नाहीत. बीआरएमची मुदत पाहा : २०० साठी साडेतेरा तास, ३०० साठी २०, ४०० साठी २७, ६०० साठी ४० तास. कोणत्याही अंतराला भागून पाहा, थांबे धरून सरासरी ताशी १५ किलोमीटरच्या आसपासच येते. १२०० ला तर ९० तास असतात. ही सरासरी टूरिंग सायकलवरून गाठता येते, आणि तशा सायकलीवर सुपर रँडोनिअर (एका मोसमात २००, ३००, ४०० आणि ६०० पूर्ण करणारी) झालेली माणसे मी पाहिली आहेत. बारा-तेरा किलोंच्या सायकलीने वेळ जातो त्याहून जास्त वेळ चहाच्या टपरीवर जातो. म्हणून जो एकच सायकल ठेवू शकतो त्याने टूरिंग ठेवली तरी त्याचे बीआरएम अडत नाही. उलट एंड्युरन्स ठेवली तर ओझे अडते. पण आपल्याकडे सायकल आधीच आहे. नवीन घेण्यापूर्वी पिशवी हलकी करून पाहा.

पाना-पक्कड

रातराणी यांच्या म्हणण्यातील पहिला भाग मला मान्य आहे. सहा-सात किलोंपर्यंत सामान असेल तर कात्रजकरांनी नवीन सायकल घेण्याचे कारण नाही. मात्र सीटमागची मोठी पिशवी हा रामबाण उपाय नव्हे. तिच्यात पाच किलो भरून उभे राहून पेडल मारले की ती घड्याळाच्या लंबकासारखी डोलते. जड वस्तू, म्हणजे हत्यारे, ट्यूब आणि चार्जर, फ्रेमच्या त्रिकोणात खाली ठेवाव्यात आणि सीटमागे फक्त कपडे गच्च दाबून भरावेत.

वर्ग कप्पेबंद नाहीत याचा सर्वात चांगला पुरावा मात्र त्यांनी सांगितला नाही. पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस ही फ्रान्समधली लांब पल्ल्याची राइड १८९१ पासूनची, आणि तिच्या आसपास वाढलेल्या फ्रेंच रँडोनिअर, म्हणजे अशा राइड करणाऱ्या, मंडळींनी एक तिसरीच सायकल घडवली. आलेक्स सिंगर आणि रने एर्स यांच्यासारख्या पॅरिसच्या कारागिरांच्या त्या सायकली पोलादी, हलक्या आणि बारीक नळ्यांच्या असत; टायर मात्र रुंद, पुष्कळदा ६५०बी (७०० पेक्षा थोड्या लहान) मापाचे; मडगार्ड आणि डायनामोचा दिवा फ्रेमबरोबरच बसवलेला; आणि सामान पुढे, हँडलसमोरच्या एका चौकोनी पिशवीत. फोर्कचा बाक असा ठेवलेला की पुढच्या चाकावर ते ओझे असतानाही हँडल हलकेच वळावे. पिशवीच्या वर नकाशा दिसतो आणि सायकल न थांबवता आतला खाऊ काढता येतो. आजच्या एंड्युरन्स बाइकच्या हँडलला तेवढेच ओझे टांगले तर ती वळणावर जड होते, कारण तिचा फोर्क त्यासाठी आखलेला नाही. ६०० किलोमीटरला लागेल एवढे सामान हलक्या सायकलीवर कसे न्यावे, याचे याहून चांगले उत्तर माझ्या पाहण्यात नाही. आपल्याकडे त्या मिळत नाहीत, हे दुर्दैव.

आता उपप्रश्न. कॅसेट ११-३४ करता येईल, बहुतेक अलीकडच्या रोड डिरेलरना (चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणाऱ्या यंत्रणेला) ती चालते, पण आपल्या डिरेलरची मर्यादा तपासून घ्या. चेनही बहुधा एखाददुसऱ्या कडीने लांब लागेल. फरक मात्र थोडाच पडतो, एका फेऱ्याला २.२ मीटरचे २.१ होतात. जास्त फायदा पुढची चकती लहान केल्याने होतो. शिमानोच्या जीआरएक्स मालिकेत ४६-३० चा क्रँक आहे. ३० वरून ३४ वर एका फेऱ्यात १.८५ मीटर होतात, आणि सात किलोंच्या सामानाला तेवढे पुरावे. पुढचा डिरेलर त्या क्रँकशी जुळतो का हे विचारल्याशिवाय पैसे देऊ नका.

काकांच्या एमटीबीविषयी वाचून मला खरे तर हेवा वाटला. पुढे शॉकअप नाही, फ्रेम पोलादी, चाके २६ इंची, बहुधा ३६ स्पोकची आणि पुढे तीन चकत्या : अर्धी टूरिंग सायकल आपल्या मित्राच्या हाताशीच आहे. मागे कॅरिअरची भोके आहेत का ते पाहा, चेनस्टे मोजा, दोन्ही चाकांचे बेअरिंग उघडून ग्रीस भरा, ब्रेक शू, केबल, चेन आणि टायर नवे घाला. खडबडीत गुट्ट्यांचे टायर काढून दीड ते पावणेदोन इंचांचे गुळगुळीत टायर बसवा. रस्त्यावर तीच सायकल ओळखू येणार नाही. तंबू न्यायचाच असेल तर तो तिच्यावर जाऊ द्या.

सडा आणि खाडी

टायरचा विषय निघालाच आहे म्हणून एक गोष्ट सांगून ठेवतो, कारण दर हिवाळ्यात कोणीतरी या कारणाने आमच्या नाक्यावर अडकून पडलेला दिसतो.

गावोगावच्या सायकलच्या दुकानात ‘२८ इंची’ टायर लटकत असतात, ते जुन्या काळ्या सायकलीचे. त्यांच्या रिमवर बसणाऱ्या कडेचा व्यास ६३५ मिलिमीटर असतो, आणि आपल्या ७०० च्या चाकाचा ६२२. नाव सारखे वाटले तरी तो टायर आपल्या रिमवर सैल बसतो आणि हवा भरताच निसटतो. एमटीबीचा २६ इंची टायर, ज्याचा व्यास ५५९, मात्र पोरांच्या गिअरच्या सायकलींमुळे बऱ्याच ठिकाणी मिळतो. म्हणून मित्राने टायर नाही नेला तरी चालेल. कात्रजकरांनी एक घडीचा टायर आणि तीन ट्यूब पुण्यातूनच आणाव्यात. २८ ऐवजी फ्रेममध्ये ३२ मिलिमीटरचे टायर मावत असतील तर तेच घाला, पण दोन्ही बाजूंना किमान चार मिलिमीटर मोकळी जागा राहते का ते पाहा, कारण जांभ्याचा खडा टायरला चिकटून फ्रेमवर चरा काढतो.

आपल्या ट्यूबचा व्हॉल्व्ह बारीक असेल तर पेट्रोलपंपाच्या नळीने हवा भरता येत नाही. त्यावर चढवायचा पितळी अडॅप्टर फार स्वस्त मिळतो, तो पंपाबरोबर ठेवा. आणि बोटीत सायकल गाड्यांच्या मध्ये उभी करू नका, कठड्याला बांधून स्वतः तिच्याजवळ थांबा, कारण उतरताना गाडीवाले सायकल पाहत नाहीत.

कात्रजकर

ठरले. तंबू एकच नेऊ आणि तो एमटीबीवर राहील. स्टोव्ह आणि भांडी घरीच. माझे सामान सात किलोंत बसवतो, क्रँकची चौकशी करतो आणि ३२ चे टायर फ्रेममध्ये बसतात का ते रविवारी पाहतो. एमटीबीच्या कॅरिअरची भोके आहेत असे मित्राने आत्ताच कळवले. त्यातले एक गंजून बुजले आहे. ते मोकळे करायला नुसते डब्ल्यूडी-४० पुरेल, की टॅप (आटे पाडायचे हत्यार) मारावा लागेल?

पाना-पक्कड

रात्रभर तेल मुरू द्या आणि सकाळी ५ मिलिमीटरचा बोल्ट हाताने फिरवून पाहा. दोन-तीन आटे सहज गेले तर पुढे-मागे करत तोच वाट साफ करेल. अडला तर जोर लावू नका. बोल्ट आत तुटला की ते भोक गेलेच. कोणत्याही फॅब्रिकेशनच्या दुकानात एम-५ चा टॅप असतो, दोन मिनिटांचे काम आहे. कॅरिअर बसवताना बोल्टला ग्रीस लावा आणि पहिल्या दिवशी संध्याकाळी चारही बोल्ट पुन्हा आवळा, ते हमखास सैल झालेले असतात.